चार घरांत एक वायफाय

सुरतेतल्या उधन्याच्या आमच्या चाळीत वायफाय माझ्या नावावर होतं, ते माझ्या लाइटबिलामुळे. मी खोली विकत घेतलेली. बाकी तिघा शेजाऱ्यांच्या आधार कार्डावर गावाकडचे पत्ते, आणि घरमालक भाडेकरार करून द्यायला तयार नाही. वर्षानुवर्षं सुरतेत राबूनही कागदावर ही माणसं सुरतेत नव्हतीच. मग कनेक्शन माझ्या नावावर घ्यायचं आणि चार घरांनी वापरायचं असं ठरलं. आमच्यात हे असंच चालतं. गॅसची टाकी एकाच्या नावावर, सिमकार्ड दुसऱ्याच्या. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, जोवर अंगाशी येत नाही तोवर.

मी एम्ब्रॉयडरीच्या डिझाइन कॉम्प्युटरवर बनवतो. आमच्या धंद्यात याला पंचिंग म्हणतात. मशीनची सुई कुठे उतरेल, किती टाके घालेल, हे सगळं त्या फाइलीत असतं. लग्नसराईच्या तोंडावर आमच्या शेठच्या नव्या लेहंग्यांच्या फाइली कुणीतरी इंटरनेटवर फुकट टाकल्या. आठवड्याभरात तीच बॉर्डर अख्ख्या मार्केटमध्ये दिसायला लागली. शेठने एक कॉम्प्युटरवाला गाठला. त्याने फाइली जिथून चढल्या त्या इंटरनेट कनेक्शनचा नंबर शोधला. आमच्या भागातला केबलवाला शेठच्या ओळखीतला. त्याने नंबर बघून नाव सांगितलं. नाव माझं.

शेठने तो नंबर आणि माझं नाव लिहिलेला कागद माझ्यासमोर ठेवला. मी म्हणालो, मी असलं काही केलेलं नाही. ते शांतपणे म्हणाले, "भाई, माणस खोटुं बोले, कम्प्युटर ना बोले." पोलिसांत जायचं की नाही ते दोन दिवसांत ठरवतो, असंही सांगितलं.

माझी पाचावर धारण बसली. डिझाइन चोरणारा असा एकदा शिक्का बसला की या शहरात पंचिंगवाल्याला कुणी दारात उभं करत नाही. दोन दिवस मी जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी शेठच्या केबिनमध्ये गेलो आणि खरं तेच सांगितलं, की वायफाय चार घरांत चालतं. तिथेच थांबायला हवं होतं. शेठने विचारलं, त्यातलं डिझाइन कुणाला कळतं? आणि मी शेजाऱ्याचं नाव घेतलं.

तो खानदेशचा. कतारगामला एम्ब्रॉयडरी मशीनवर ऑपरेटर होता, हात सोन्यासारखा. मी मराठवाड्यातला, त्याची अहिराणी मला सुरुवातीला निम्मीच कळायची. वायफायची वायर पत्र्यांवरून ओढून आणली ती त्यानेच. त्याच्या बायकोची कळण्याची भाकरी आमच्या घरी हक्काने यायची. एकदा त्याने मला विचारलं होतं, ही फाइल मोबाइलवर उघडते का? एवढाच काय तो माझ्याकडचा पुरावा. शेठच्या कागदावर निदान एक नंबर तरी होता.

शेठने माझ्यासमोरच कतारगामला त्याच्या मालकाला फोन लावला. दुसऱ्या दिवसापासून कामावर येऊ नको म्हणून मालकाने त्याला सांगितलं. मशीनवाल्या शेठ लोकांत बातमी अशी पसरते की विचारू नका. महिनाभर तो दारोदार फिरला, मग खोली सोडून शहराबाहेर पलसाण्याला गेला. जाताना नवराबायको आमच्या दारात येऊन नीट बोलून गेली. मला वाटलं, याला काही कळलेलं नाही. खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

पुढे पावसाळ्यात वायर तुटली म्हणून केबलवाल्याचा माणूस दुरुस्तीला आला. चहा पिता पिता मी त्याला तो नंबर दाखवला. तो हसला. "ये नंबर तो डॉक्टर के टोकन जैसा है. आज तुम्हारे पास, कल किसी और के पास." मग फाइली चढल्या त्या दिवशी तो कुणाकडे होता? ते कुणी पाहिलंच नव्हतं. शेठचा फोन आला त्या दिवशी तो माझ्याकडे होता, म्हणून माझं नाव सांगितलं. जुनी यादी ते ठेवतच नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर फाशीचा दोर माझ्या गळ्यातून काढून शेजाऱ्याच्या गळ्यात घालायचं काम मी स्वतः केलं होतं.

शेठला सांगितलं तर म्हणाले, "जे थयुं ते थयुं. तमारुं काम तो चालू छे ने?" कतारगामला परत फोन लावा म्हटलं, तर हात झटकून मोकळे झाले.

सुट्टीच्या दिवशी मी पलसाण्याला गेलो. एका डाइंगच्या, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात तो ओल्या कापडाचे गठ्ठे उचलतो, असं कळलं होतं. जेवणाच्या सुट्टीत तो गेटबाहेर आला. कोपरापर्यंत हात निळे झालेले, अंगाने वाळलेला. मी त्याला सगळं सांगितलं. नंबर चुकीच्या दिवशी पाहिला, तूही नव्हतास आणि मीही नव्हतो, दोष सगळा त्या केबलवाल्याचा. बोलताना मी दोन-तीनदा "आपण दोघं" म्हणालो असेन.

त्याने सगळं ऐकून घेतलं. हात पँटला पुसले. मग म्हणाला, "नंबर कोनाबी ऱ्हावो, भाऊ. मन्हं नाव नंबरनी नही लिधं. तू लिधं. माले त्याच दिन म्हाईत पडनं व्हतं."

तरीही तो माझ्या दारात येऊन नीट बोलून गेला होता. तो माझ्यावर चिडला असता तर बरं झालं असतं. सुट्टी संपली तसा तो आत गेला. माझी सुटका करून घ्यायला मी पलसाण्यापर्यंत गेलो होतो. ती त्याने केली नाही, आणि त्याचं बरोबर आहे.