बुरुजाच्या दारावरचे तोरण

ते दृश्य अजूनही डोळ्यांपुढून हलत नाही. जर्मनीच्या फ्रांकेन भागातील एका खेड्यात जुन्या किल्ल्याचा एकच बुरूज उभा उरला होता. त्याची आतली भिंत कोसळली आणि किल्ल्याची देखभाल करणारे वृद्ध गृहस्थ तिच्याखाली सापडले. अग्निशमन दलाने त्यांना बाहेर काढले तेव्हा ते शुद्धीवर होते; पाय मात्र चिरडला होता.

लहानपणी पुण्याहून जर्मनीत आलेला मी त्या वेळी तेथील पोलीस दलात तपास अधिकारी होतो. पाहणीत आढळले की त्या भिंतीवरची आयव्हीची जुनाट वेल करवतीने कापून काढली आहे. दाराच्या चौकटीला वाळलेली फुलांची माळ होती आणि उंबऱ्यावर लाल डाग. सहकारी वाकला आणि झटकन मागे सरला.

"रक्त! म्हणजे हा काहीतरी अघोरी प्रकार दिसतो."

"रक्त नाही," मी म्हणालो. "कुंकू आहे."

वृद्धांच्या पत्नीने माहिती दिली. नारिंगी जॅकेट घातलेली काही माणसे शनिवारी येऊन काम करीत. "नगरपालिकेचीच असणार, असं वाटलं. यांनी खिडकीतून हात केला, त्यांनीही केला." नगरपालिकेने कोणालाही पाठवले नव्हते. सहकाऱ्यांचा संशय पुराणवस्तूंच्या चोरांवर गेला. मी मराठी मंडळातील एका ताईंना फोन केला.

"दसऱ्याला गडाला तोरण बांधणारं तुमच्याकडे कोण आहे?"

"आमचे गडवाले? हेर्त्सोगेनआउराख गावचा तो इंजिनियर!" त्या हसल्या. "शनिवारी कोणाला सुखानं झोपू देईल तर शपथ."

तो ठाण्यात आला. मौन बाळगण्याचा हक्क मी त्याला समजावून सांगितला.

"मौन कशाला, काका? चांगलं काम केलंय आम्ही." त्याने उत्साहाने फोनवरची छायाचित्रे दाखवली, आधीची आणि नंतरची. "झाडोरा माजला की गडाच्या भिंती फुटतात. गावाकडे दर वर्षी साफसफाई करायचो आम्ही."

"परवानगी कोणाची घेतली?"

"ते आजोबा हात करायचे ना!"

भिंत आधीच फुटलेली होती, तिला त्या वेलीनेच धरून ठेवले होते आणि ती आता त्याच आजोबांवर पडली आहे, हे मी त्याला सांगितले. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"पण ते आत कशाला गेले?"

त्यांच्या पत्नीने ते मला सांगितले होते. स्वच्छ झालेला बुरूज पाहायला.

प्रकरण सरकारी वकिलांकडे गेले. वृद्धांचा पाय कापावा लागला. इंजिनियर रुग्णालयात त्यांना भेटला तेव्हा मी सोबत होतो. त्याची मान वर होत नव्हती.

"सुंदर दिसत होता बुरूज," वृद्ध म्हणाले. "एकदा विचारायचं होतंस." मग खिडकीकडे पाहत पुटपुटले, "मीही विचारायला हवं होतं."

सेवेत असताना मी प्रत्येक गुन्ह्यामागे दुष्ट हेतू शोधला. इथे तो कोठेच सापडला नाही, आणि तरी माणसाचा पाय गेला होता. या धक्क्यातून मी अजून पुरता सावरलेलो नाही. मी मूळचा संकोची. तरीही नारिंगी जॅकेट घालून कोणी काम करताना दिसला, की थांबतो आणि विचारतो, "तुम्हाला कोणी पाठवलं?"

लोक चिडतात. चिडू देत.