न कापलेली पानं

घोरावाडी ठेसनातला तिकीटबाबू दर महिन्याला मासिक मागवायचा. आम्ही नवराबायको दूध घेऊन गाडीची वाट बघत बसायचो, तेव्हा मोठ्यानं वाचून दाखवायचा. अंकाची पानं कडेला जोडलेली यायची. ती तो सुरीनं सावकाश कापायचा. आवडलं की चिमूटभर तपकीर ओढायचा, नाही आवडलं की "भिकार!" म्हणून पान उलटायचा. कविता आली की माझी बायको म्हणायची, "बाबू, चंद्र पुरं झाला. त्या पोरीचं काय झालं ते वाचा."

ती पोर दर अंकात थोडी थोडी येणाऱ्या गोष्टीतली. सासर सोडून निघाली होती.

"आता माहेरी जाईल," बाबू म्हणायचा.

"न्हाई जायची. तिचं ती कमवून खाईल, बगा तुमी."

पुढचा अंक यायच्या आत बायको तापानं गेली. मग मी एकटाच दूध घेऊन गेलो. बाबूनं अंक पुढं केला. सगळा कापलेला, त्या गोष्टीची पानं तेवढी जोडलेली.

"ही न्हाई वाचली?"

"मावशींच्या आधी कशी वाचू, आबा?"

सुरी घेऊन मीच पानं कापली, वेडीवाकडी.

"वाचा आता."

त्यानं वाचलं. पोरीनं शिवणाचं मशीन घेतलं, खोली घेऊन एकटी राहिली.

"मावशींचंच खरं झालं," बाबू म्हणाला.

"व्हय," मी म्हणालो. "लय मिरवली असती."