कातड्याची बोट

केरबाचा विषय निघाला की माझ्या तोंडाची चव जाते. राग त्याचा नाही, आमच्या गावाचा. आणि मी तिथला शाळामास्तर, म्हणजे माझाही.

केरबा लढाईत बसऱ्याला नदीवरच्या मोटारबोटींवर इंजनवाला होता. तो तिकडे असताना पंचेचाळीसच्या पावसाळ्यात कृष्णेला पूर आला, त्याची बायको बनुबाई बाळंतपणात अडली, आणि सांगलीचा दवाखाना पलीकडे असल्यामुळे अलीकडच्या काठावरच गेली. घरी आल्यापासून त्याने एकच धोशा लावला: पुढच्या पुराआधी गावाला मोटारबोट पाहिजे.

गावाने वर्गणी काढली. सांगलीला दोन जुन्या बोटी विकायच्या होत्या. लालासाहेब पाटील, मी आणि केरबा बघायला गेलो. एक कुणा साहेबाची, पितळी कठड्याची, गादीच्या खुर्च्यांची. दुसरी कातड्याच्या व्यापाऱ्याची. तिचा वास लांबूनच येत होता.

केरबाने दोन्ही बोटींच्या खाली सरपटत जाऊन तळाला चाकू टोचून बघितला. साहेबाच्या बोटीत तो मुठीपर्यंत आत गेला. दुसरीला नुसता ओरखडा उठला.

"पाटील, हिचा तळ कुजलाय. ती घ्या. घासली की वास जातूय."

पाटील तोवर साहेबाच्या खुर्चीत पाय पसरून बसले होते, तेही बोट कोरड्या जमिनीवर असताना. "मेल्या ढोरांची कातडी वाहिलेल्या बोटीत आमच्या बायका बसायच्या व्हय रं? मास्तर, तुमी सांगा."

मास्तर काय सांगणार, कपाळ? रोजचा चहा पाटलांच्या घरचा. मी मान डोलावली.

केरबाने लढाईच्या पगारातून ती दुसरी बोट स्वतःच घेतली. गावाबाहेर दोन महिने तो ती घासत होता. फटींत सुतळी ठोकली, राळ भरली, इंजन खोलून पुन्हा जोडलं. बायका नाकाला पदर लावून लांबच्या वाटेने पाण्याला जायच्या. गावाने घेतलेली साहेबाची बोट पाण्यात सोडली त्याच दिवशी पाण्याने भरली. ती वर ओढून ठेवली.

श्रावणात पूर आला. पाटलांची सून विजयमाला दोन दिवस अडली होती. केरबाने न बोलावता बोट घाटाला लावली.

"आवं पाटील, येळ घालवू नगा. माझी अशीच गेली."

पाटील बोटीकडे बघत उभे राहिले. सून विव्हळत होती आणि हा माणूस उभा! शेवटी त्यांच्या बायकोने, मनुबाईंनी, कुणाला न विचारता सुनेला बोटीत घातलं.

सांगलीच्या दवाखान्यात आई आणि बाळ दोघं वाचली. बारा दिवसांनी केरबानेच बाळबाळंतिणीला परत आणलं. सगळं गाव घाटावर जमलं होतं. पाटलांनी नातवाला हात लावला नाही.

"कातड्याच्या बोटीतनं आल्यात. शुद्ध केल्याबिगर घरात घ्यायचं न्हाई."

भटजी पुरामुळे पलीकडे अडकले होते. गोमूत्राचा तांब्या पाटलांनी माझ्या हातात दिला. मी आधी बाळावर शिंपडलं, मग आईवर. केरबा इंजन चालू ठेवून बघत होता.

पुन्हा त्याने आमच्या घाटाला बोट लावली नाही. बरं केलं.