समुद्रात बोट पाठवणारे मास्तर

"शेवटचा डबा दाखव," मास्तर फोनवर म्हणायचे आणि मी कॅमेरा माझ्या खोलीच्या दाराकडे वळवायची. आतून लावलेली कडी दिसली की ते म्हणायचे, "हव. पोचली." आणि फोन बंद. कशी आहेस, जेवलीस का, काही नाही.

हा काय प्रकार, असं तुम्हाला वाटेल. इंग्लंडमधल्या त्या समुद्रकाठच्या गावात ज्या तीन मैत्रिणींबरोबर मी राहायची, त्यांनाही वाटायचं.

मास्तर रायपूरला आमच्या शेजारी राहायचे. रेल्वेतून स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झालेले. इंजिन आलं म्हणजे गाडी आली असं धरायचं नाही, शेवटच्या डब्यावरची पाटी डोळ्यांनी पाहायची, तेव्हाच मागच्या स्टेशनला गाडी पोचल्याचं कळवायचं, हा त्यांच्या कामाचा नियम. मध्येच कुठे डबे तुटून राहिले असतील तर? नोकरी संपली, नियम काही संपला नाही. बाजारातून आलेल्या त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंनाही, आधी पिशवी दाखवावी लागे, मग पाणी मिळे.

मला शिकायला परदेशी पाठवायला बाबा तयार नव्हते. रायपूरजवळच्या उरला गावातल्या कारखान्यात त्यांची नोकरी. आमच्या घरातलं कोणी नागपूरच्या पलीकडे एकटं गेलेलं नाही. मास्तरच मध्ये पडले. "जाऊ दे पोट्टीले. रोजचा रिपोर्ट माझ्याकडे."

बाबा म्हणाले, "तुमच्या भरवशावर पाठवतो, मास्तर. एक दिवस जरी गडबड झाली तर वापस बोलावून घेईन."

म्हणजे माझं सगळं शिक्षण या माणसाच्या रिपोर्टवर टांगलेलं. वर्गात जाताना फोन, आल्यावर फोन. संध्याकाळी मासे तळायच्या दुकानात मी काम करायची, तिथे हातभर पीठ माखलेलं असताना फोन. एकदा मी वर्गापुढे उभी राहून बोलत होते, तेव्हा टेबलावर ठेवलेला फोन थरथरत थरथरत कडेपर्यंत गेला आणि खाली पडला. माझे सर म्हणाले, "घरी सगळं ठीक आहे ना?"

त्यात त्यांना भरती-ओहोटीच्या वेळा मोबाइलवर सापडल्या. आयुष्यात समुद्र न पाहिलेला माणूस, पण टाइमटेबल म्हटलं की हरखायचा. रोज आमच्या गावच्या वेळा रायपूरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर उतरवायचे. "आज तुह्याकडे पावणेदोनले पाणी चढते."

"काका, मी समुद्रात जातच नाही."

"तू नाही जाणार. तो येईन ना."

मी फोन उशीखाली कोंबायची.

गावासमोर एक छोटं बेट होतं. ओहोटीला वाळूवरून चालत जाता यायचं. एका शनिवारी आम्ही तिघींनी जायचं ठरवलं. चौथीला सर्दी झाली होती, ती घरी राहिली. मास्तरांना खरं सांगितलं असतं तर परतीची वेळ, सोबतिणींची नावं, सगळं द्यावं लागलं असतं. मी सांगितलं, "लायब्ररीत चालले."

बेटावर आम्ही डबे खाल्ले, फोटो काढले, खूप खिदळलो. परत फिरलो तर वाळू नव्हती. पाणी आधी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. घाबरून मागे फिरलो आणि खडकावर चढून बसलो. फोनला नेटवर्क नाही. दात वाजत होते आणि मला एवढंच दिसत होतं, की आता बाबा मला परत बोलावणार.

फोन लागेना म्हणून मास्तरांनी घरी राहिलेल्या मैत्रिणीला फोन केला. तिचाही नंबर त्यांनी पहिल्याच आठवड्यात मागून घेतला होता. तिने बेटाचं सांगितलं. त्यांनी कॅलेंडर पाहिलं आणि अंगणात उभं राहून इंग्लंडच्या बचाव पथकाला फोन लावला. तो नंबर अर्थातच त्यांच्याकडे होता. "थ्री गर्ल. आयलंड. हाय वॉटर थर्टीन फॉर्टी. प्लीज कन्फर्म." अख्ख्या पाऱ्याने, म्हणजे आमच्या मोहल्ल्याने, हे ऐकलं.

बोटीने आम्हाला किनाऱ्यावर आणलं. मी रडत मास्तरांना फोन केला आणि सगळं खरं सांगितलं.

"तिघी पोचल्या?"

"हो."

"तू सोताच्या डोळ्यानं मोजल्या?"

"मोजल्या, काका."

मग म्हणाले, "तुह्या बापाले मी सांगतो. तू काही बोलू नको."

बाबा ड्युटीवरून आले ते तडक मास्तरांच्या दारात. मास्तर म्हणाले, "चूक माही हाय. पोट्टी लायब्ररीत अभ्यास करून राहिली होती. म्याच उगाच घाबरून बोट पाठवली." आईने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती हसत होती. सगळा पारा हसत होता. चहाच्या टपरीवर पोरंसोरं विचारायची, "मास्तर, आज कुठं बोट?" सगळ्या नोकरीत एक खोटा रिपोर्ट दिला नाही, हे ऐकवल्याशिवाय ज्यांचा चहा संपत नसे, ते नुसतं "हव" म्हणायचे.

आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. निघाली का, पोचली का, कडी दाखव. खोटं कशाला सांगू, उपकार कळत होते तरी चीड यायचीच.

माझी शेवटची परीक्षा व्हायच्या आधी मास्तर गेले. तिकडे इंग्लंडात माझा फोन वाजायचा थांबला.

पदवी घेऊन आले, तेव्हा बाबांबरोबर काकूंना भेटायला गेले. चार शेजारी बसले होते. बोलता बोलता बाबांनी मायेनेच ती गोष्ट काढली. "माणूस सोन्यासारखा, पण घाबरट. पोट्टी लायब्ररीत, अन् यानं समुद्रात बोट पाठवली." सगळे हसले. काकू हसल्या नाहीत. त्या दिवशी मी रडत फोन केला तेव्हा अंगणात त्याही होत्या. त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, फक्त माझ्यापुढे पाण्याचा गिलास सरकवला.

"बाबा," मी म्हणाले, "मी लायब्ररीत नव्हते."