डाळिंबाचे दाणे वाचवणाऱ्या सुमेधाताई

सुमेधाताई गजभिये यांच्याविरुद्ध माझी एक जुनी तक्रार आहे आणि ती या गौरवग्रंथात नोंदवली जावी, असा माझा आग्रह आहे. छपाईसाठी चित्रं तयार करण्याच्या त्यांच्या कोथरूडच्या स्टुडिओत पाहुण्यांसाठी एकच खुर्ची आहे आणि तिच्यावर कायम छपाईचे नमुने बसलेले असतात. ताई साठ वर्षांच्या झाल्या, पण नमुन्यांना उठवून माणसाला बसवल्याचं एकही उदाहरण नाही.

पहिली भेटही उभ्यानेच झाली. मी तेव्हा एका जाहिरात कंपनीत मजकूर लिहीत असे. परदेशी व्यापाराला देशाची दारं उघडून चार-सहा वर्षं झाली होती आणि मार्केट यार्डातले अडते बाळासाहेब त्या दारातून डाळिंबं दुबईला धाडणार होते, पहिल्यांदाच स्वतःच्या नावाच्या खोक्यांतून. संध्याकाळपर्यंत खोक्यावरचं चित्र छापखान्यात पोचलं नाही, तर माल दुसऱ्याच्या नावाने जाणार होता. बाळासाहेबांना सोबत घेऊन मी ताईंकडे गेलो आणि त्यांच्यापुढे चित्राची फ्लॉपी धरली.

ताईंनी चित्र पडद्यावर उघडलं. "हे डाळिंब आहे की न्हाणीघराच्या फरशा?"

चित्र फ्लॉपीत मावावं म्हणून आम्ही ते जेपेगमध्ये दाबलं होतं. पुढे बाळासाहेबांच्या घरच्यांचा मान आला. काकांना फळ अधिक लाल हवं, सासऱ्यांना कोपऱ्यात गणपती, धाकट्या भावाला तोच गणपती जरा उजवीकडे. दर वेळी चित्र उघडायचं, बदलायचं, पुन्हा जेपेग करायचं.

"जेपेग प्रत्येक दाबणीत थोडं टाकून देतं," ताई म्हणाल्या. "तुम्ही अख्ख्या एकत्र कुटुंबाकडून दाबून घेतलंत."

बाळासाहेब पुढे सरकले. "ताई, चित्र कसंही छापा. नाव तेवढं माझं पाहिजे."

"असल्या चित्राखाली नाव छापून काय मिळवाल? मूळ निगेटिव्ह आणा. आणि काकांना घरी ठेवून या."

निगेटिव्ह आली. ताईंनी ती नव्याने स्कॅन करून टिफमध्ये ठेवली. फाइल अवाढव्य झाली, पण एक ठिपकाही गळला नाही. छपाईला टिफ, दुबईच्या व्यापाऱ्याला ई-मेलने नमुना दाखवायला जेपेग, संकेतस्थळावरच्या सपाट रंगांच्या बोधचिन्हाला जिफ. "कामाप्रमाणे भांडं घ्यायचं. गाळणीने वरण वाढतं का कुणी?" एवढं सुनावून ताई टिफची सीडी घेऊन स्वतः छापखान्यात गेल्या.

दुसऱ्या दिवशी पहिलं खोकं बाहेर आलं. दाणा न् दाणा वेगळा! बाळासाहेबांनी ते डोक्यावर घेऊन मार्केट यार्डभर मिरवलं.

"मालक, रिकामंच हाय की!" एक हमाल ओरडला.

"असू दे रे! नाव वाच, नाव!"

नागपूरकडून नोकरीच्या शोधात आलेल्या कितीतरी मुलींना ताईंनी स्वतःच्या संगणकावर बसवून हे काम शिकवलं. त्यांतल्या दोघी आज आपापले स्टुडिओ चालवतात आणि माझ्या फाइली ताईंच्याच तुच्छतेने परत पाठवतात. परंपरा सुरक्षित हातांत आहे.

ताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्यांची नजर अशीच तीक्ष्ण राहो आणि आमच्या चुका तिला लांबूनच दिसोत.

त्या खोक्याच्या तळाशी छापखान्याचं नाव होतं, आमच्या कंपनीचंही होतं. एक ओळ राहून गेली होती. संपादकांनी ती इथे छापावी:

डाळिंबाचं चित्र: सुमेधा गजभिये.