कटरे मॅडमचं चिनी

गोंदियाहून आमच्या तालुक्याच्या गोरेगावला येणाऱ्या एसटीत कटरे मॅडम कानाला इअरफोन लावून चिनी व्हिडिओ बघत आणि ऐकलेलं वाक्य पुटपुटत. एकदा शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "बाई, कोनता मंतर म्हणून राहिली?"

"मंतर नाही आजी, तिकडचा शेतकरी लसूण विकून राहिला."

म्हातारीनं लगेच भाव विचारला.

आमच्या कॉलेजात त्या इतिहास शिकवत, मी मराठी. धान पिकवणाऱ्या घरातली ही मुलगी दिल्लीला जाऊन चिनी शिकली आणि चिनी खेड्यांत बातमी कशी पोचते, याचाच अभ्यास धरून बसली. पूर्वी तिथे गावोगाव खांबांवर भोंगे होते, सकाळपासून सरकारचं बोलणं ऐकावं लागे. आता शेतकरी मोबाइलवर स्वतःच बोलतात. "बोलणाऱ्यावर सगळेच लिहितात," त्या म्हणायच्या, "ऐकणाऱ्याले कोणी पुसत नाही." गोरेगावात याचा उपयोग काय, अशी आम्ही थट्टा करायचो. "सगळंच कायले उपयोगाचं पाहिजे?" म्हणून त्या चहा ओतून घेत.

एका बाजाराच्या दिवशी मात्र उपयोग निघाला. चीनमधल्या कारखान्यात प्लॅस्टिकचा तांदूळ बनतो, असा व्हिडिओ घरोघरी फिरत होता. तो तांदूळ बाजारातला एक दुकानदार विकतो, असं कोणीतरी ठरवून टाकलं. आम्ही तिथून जात होतो तेव्हा दुकानासमोर गर्दी होती, एकानं दुकानदाराची कॉलर धरली होती आणि त्याची बायको रडत होती. मी मॅडमना थांबवू लागलो, पण त्या सरळ गर्दीत शिरल्या.

"व्हिडिओ दाखव," त्या कॉलर धरणाऱ्याला म्हणाल्या. मोबाइल काढायला त्याला कॉलर सोडावी लागली.

मॅडमनी आवाज मोठा केला आणि एकेक वाक्य मराठीत सांगितलं. कारखानदार म्हणत होता, जुन्या पिशव्या वितळवून दाणे करतो, त्यांच्या बादल्या बनतात. "तांदूळ हा शब्दच नाही यात, भाऊ."

"तुमाले चिनी काऊन येते?" गर्दीतून कोणी विचारलं.

"शिकली म्हणून येते. हा तांदूळ हाये, हे तुले कोनी सांगतलं?"

"खाली हिंदीत लिहिलं हाये न."

"कोनी लिहिलं?"

ज्याला त्याला तो दुसऱ्याच कोणीतरी पाठवला होता. लोकांनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला, पुन्हा ऐकला, आणि हळूहळू पांगले. परतताना मी मॅडमना विचारलं, "भीती नाही वाटली?"

"वाटली न. पण ते ऐकून राहिले होते. ऐकून राहिलेला माणूस मारत नाही."

पुढच्या वर्षी त्यांना चीनमध्ये अभ्यासाला जायची संधी मिळाली. गोंदिया स्टेशनवर त्यांचे वडील आणि मी पोचवायला गेलो. गाडी दिसेनाशी झाल्यावर वडील म्हणाले, "गुरुजी, पोरगी काय शिकते, हे मी तिले कधी पुसलंच नाही. तुमी सांगा न."

आम्ही फलाटावरच्या बाकावर बसलो. मला जेवढं कळलं होतं, तेवढं मी सांगितलं.