लूर्डस आंटीचा तिसरा राजा

माणिकपूरच्या कॉन्रॅडला लोक वेडा म्हणतात, आणि खोटं कशाला बोला, आहेच तो. चांगला धडधाकट रिटायर माणूस, पण दिवसभर मोबाईलवर खेळणी शोधतो. अमेरिका आणि रशिया चंद्रावर जायला पळत होते ना, तेव्हाची पत्र्याची रॉकेटं, यानं, असलं सगळं. बायको बर्था म्हणते, "चंद्रावरची माणसं परत आली, ह्याचं भंगार काही घरातून जात नाही."

सगळं मिळालं, एकच मिळेना. चावीवर चालणारा पत्र्याचा अंतराळवीर. तो होता गल्लीच्या टोकाला, लूर्डस आंटीकडे. तिच्या जहाजावरच्या भावाने जपानहून आणलेला. पुढे भाऊ वारला, चावी कुठे गेली कोण जाणे, आणि एका नाताळात आंटीच्या येशूजन्माच्या देखाव्यात, गोठ्याशी आलेल्या तीन मातीच्या राजांपैकी एक फुटला. मग काय! बाईने अंतराळवीराला मखमलीचा झगा चढवला, डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट चिकटवला आणि उभा केला बाळयेशूच्या दर्शनाला. तेव्हापासून दरवर्षी तोच. फादरही काही बोलत नाहीत. आंटीला बोलायची छाती कुणाची?

कॉन्रॅडचा जीव त्या झग्यात अडकलेला. यंदा त्याने डोकं लढवलं आणि मातीचा नवाकोरा राजा घेऊन गेला.

"आंटी, अदलाबदल करू. राजाच्या जागी राजा."

आंटीने नवा राजा उलटासुलटा करून पाहिला. "तोंड बरं आहे ह्याचं. तो मेला पत्र्याचा नुसता खांबासारखा उभा असतो. जा घेऊन."

झालं, काम फत्ते! आता मुकाट्याने पिशवीत घालून घर गाठावं की नाही? पण मिरवायची भारी हौस.

"उभा कसला, आंटी? हा चालतो!"

खिशातून आपल्या दुसऱ्या एका खेळण्याची चावी काढली, झग्याखाली चाचपून भोक शोधलं, पीळ दिला आणि ठेवला गोठ्याच्या दाराशी.

खर्र खर्र करत राजा निघाला. एक मेंढरू आडवं केलं, योसेफला धक्का दिला आणि थेट गव्हाणीला जाऊन टेकला.

आंटी खो खो हसली. हसता हसता रुमाल डोळ्यांना गेला. "भावाने मला सांगितलंच नाही रे. की सांगितलं होतं, आणि मीच ऐकलं नाही?"

आपण काय करून बसलो ते कॉन्रॅडला कळलं.

"आंटी... मग मी नेऊ ना?"

"इतकी वर्षं बिचारा लांब उभा होता. आज कुठे पोचला. आता त्याला घालवू कसा, तूच सांग."

स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली त्याला. रडू येत होतं, आणि मेलं हसूही येत होतं.

"परत चालव ना," आंटी म्हणाली.

कॉन्रॅड गुडघ्यांवर बसला आणि चावी फिरवू लागला.